दाजींची कमांड

माझ्या दाजींइतका संगणकाच्या काळ्या पडद्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात नसेल; जगात कुठं असलाच तर त्याची आणि दाजींची ओळख नक्की असणार. चित्रांवर टिचक्या मारून संगणकाला काम सांगणं त्यांना बेअदबी वाटते. "त्याला नाव घेऊन सांगावं," म्हणतात आणि कमांड टाइप करतात. हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांनी खिडक्या थरथरत असतात, अक्का जेवायला हाका मारून दमते, आणि हे गृहस्थ पडद्यावरच्या आकड्यांकडं बघून गालात हसत असतात. एकदा लग्नात मी विचारलं, जिलबी संपली का? तर मला पंगतीतून उठवून थेट आचाऱ्याकडं घेऊन गेले. "वाढपी आपल्या हातातल्या ताटाचं सांगतो, पाव्हणं. कढईपाशी विचारायचं." आम्ही परत येईस्तोवर पंगत उठली होती.

हे दाजी जगभरच्या माणसांबरोबर मिळून फुकट वाटायची एक संगणकप्रणाली घडवतात. तिथं वाद पेटला. मशीनची मेमरी किती उरली, प्रोसेसरवर किती ताण आहे, हे कोणत्या कमांडनं सांगायचं? जुनी एक कमांड होती, ती फक्त प्रणालीचं नाव आणि आवृत्ती सांगे. या माहितीसाठी दाजींनी वेगळी, नवी कमांड स्वतः लिहिली होती. इतकी देखणी, की काही न कळताही मी बघत बसे. काही जण नवीच्या बाजूनं, काही म्हणत जुनीतच ही भर घाला. शेवटी निर्णय दाजींवरच सोपवला.

त्याच सुमारास माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमधला संगणक भर गर्दीत अडकला; त्यावरही दाजींनी हीच प्रणाली घालून दिली होती. बाहेर पेशंट रिपोर्टसाठी ताटकळलेले. दाजी आले, पण कीबोर्डला हात लावला नाही. आमच्या टेक्निशियन शबानाताईंना म्हणाले, "तुमीच बघा." ताईंनी सवयीनं जुनी कमांड टाइप केली. नाव आलं, आवृत्ती आली, मेमरीचं काहीच नाही. दाजींची कमांड त्याच मशीनवर होती. त्यांनीच ती ताईंना शिकवली होती.

"तिचं नाव इसरले, सर," ताई ओशाळल्या. "गडबडीत हीच सुचते."

दाजींनी नाव सांगितलं. मेमरी भरल्याचं दिसलं, ताईंनी नको ते प्रोग्राम बंद केले, रिपोर्ट निघाले. दाजी मात्र चहाही न घेता गेले. संध्याकाळी त्यांनी आपल्या जगभरच्या सोबत्यांना कळवलं: ही माहिती जुन्या कमांडनंच सांगावी, माझी काढून टाका, तिच्यातलं लागेल ते घ्या.

मी थक्क झालो. भांडून जिंकलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. जिंकणं हातात असताना आपलंच काम बाजूला सारणारा हा एकच.

"वाईट न्हाय वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. लई वाटलं. पण अडलेल्या माणसानं नाव आठवत बसायचं व्हय, पाव्हणं?"

आता ताई जुनीच कमांड टाइप करतात आणि मेमरीची ओळ आपसूक येते. ती दाजींची आहे हे त्यांना ठाऊक नाही. दाजी कधीमधी लॅबमध्ये येतात, ताईंच्या खुर्चीमागं उभे राहतात, ती ओळ पडद्यावरून वर सरकून जाईस्तोवर थांबतात, आणि मग घरी निघतात.