संध्याकाळचं माप

चप्पलवाली मावशी सकाळी कुणाच्याही पायाचं माप घेत नसे. बाजार बघायला आलेला प्रवासी नऊ वाजता तिच्या दुकानाच्या पायरीवर टेकला, की ती त्याला सरळ उठवायची. "आधी फिरून या. पाय दमू देत, जरा सुजू देत. संध्याकाळी बघू." नवं गिऱ्हाईक चक्रावून जायचं. पण दिवसभर गल्ल्या तुडवून ते परत यायचंच. मग मावशी त्याला खाकी कागदावर उभं करायची, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची, आणि चार दिवसांनी चपला तयार. त्या चावल्या, अशी तक्रार घेऊन तीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. "आलं असतं तर मीच चावले असते," असं ती म्हणायची.

मग हमरस्त्यावर मॉल झाला आणि प्रवाशांच्या बसगाड्या तिथंच थांबायला लागल्या. दोन तास थांबायच्या आणि पुढं निघून जायच्या. बाजाराकडे वळायला कुणाला सवडच उरली नाही. शेजारचा पितळेच्या भांड्यांवाला गाशा गुंडाळून गेला, समोरचा शालवालाही गेला. मावशी दिवसभर माश्या मारत बसायची.

तिचा मुलगा त्याच मॉलमध्ये चपलाबुटांच्या विभागात नोकरीला होता. आईचं रिकामं दुकान त्याला बघवत नव्हतं, हे खरंच. त्यानंच खटपट करून तिला तिथं बसायला जागा मिळवून दिली. दारापाशी बसून माप घ्यायचं आणि त्या मापाची तयार जोडी कपाटातून काढून द्यायची. आठ दिवस बघू, मग कायम करू, असं मॅनेजर म्हणाला होता. दुकानाला कुलूप लावताना मावशीला हाच एक आधार होता.

"फक्त एक आहे," आदल्या दिवशी जेवताना मुलगा म्हणाला. "तिथं नातेवाइकांना घेत नाहीत. मी तुला मावशी म्हणेन. चालेल ना?"

"चालेल की! सगळा बाजार म्हणतो, त्यात तू एक." मावशी हसली खरी, पण ताटातली उरलेली भाकरी तिनं झाकून ठेवली.

पाच दिवस तिनं निभावलं. सहाव्या दिवशी एक वयस्कर बाई आल्या. डोंगर चढायला निघाल्या होत्या. गारेगार बसमधून उतरून थेट आत आलेल्या, त्यामुळे पाय अगदी ताजेतवाने. लाल पट्ट्यांची जोडी त्यांना फार आवडली होती. मावशीनं माप घेतलं, कागदाकडे पाहिलं, आणि तिला राहवलं नाही.

"बाई, ही घेऊ नका. आत्ता बसतेय, पण चढावर तुमचा डावा अंगठा सोलून निघेल. संध्याकाळी या, नीट माप घेते."

"अहो, चारला आमची बस सुटते!" बाई हसल्या, जोडी खाली ठेवली आणि निघून गेल्या.

मॅनेजर मागंच उभा होता. त्यानं मुलाला बोलावलं. "आलेलं गिऱ्हाईक घालवतात या! यांना तुम्हीच आणलं ना? कोण लागतात तुमच्या?"

मुलाचे कान लाल झाले. "कुणी नाही, सर. बाजारातल्या आहेत."

"मग तुम्हीच सांगा त्यांना."

तो मावशीसमोर आला. तिच्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, "मावशी, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मावशी म्हणवून घ्यायची तिला सवय झाली होती. पण बोलायला शिकल्यापासून या मुलानं तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. हक्कानं चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण तिनं तोंड उघडलं असतं तर त्याच्या पोटावर पाय आला असता. मॅनेजर दोघांकडे बघत होता.

"बरं, साहेब," ती म्हणाली, आणि पदर सावरून उठली.