शेषरावच्या चौकशीला आलेला माणूस

कामरगावच्या भागिरथाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बाबासाहेबांनी शिका म्हटलं म्हणून या विधवा बाईनं मजुरी करून लेकाला, शेषरावला, आयटीआयपर्यंत नेलं. आता बंगलोरहून त्याचं पत्र आलं की त्या ते आधी शेजारच्या देवमनकडून वाचून घेत, मग दौलतराव गुरुजींकडून. दोघांचं जुळलं तरच पत्र आलं असं धरायचं.

शेषराव सरकारी कारखान्यात फिटर होता. तिथे एक उपग्रह तयार होत होता, आणि त्याचा बोभाटा करायचा नाही असं वरून ठरलेलं. काम पुढे सरकलं तसा सरकारला घोर लागला. उपग्रहाच्या स्क्रूला हात लावणाऱ्या प्रत्येकाची गावाकडे पुन्हा चौकशी निघाली. शेषरावनं आईला लिहिलं, "सरकारी माणूस येईल. खरं ते सांग. त्याचा कागद वाईट गेला तर माझी नोकरी जाईल."

देवमननं एवढं वाचून दाखवलं. गुरुजी मात्र कारंज्याला गेलेले. म्हणजे पत्र अजून अर्धंच आलं होतं.

माणूस नेमका दुसऱ्या दिवशी सकाळीच उगवला. साल शहात्तर, आणीबाणीचं. वही घेऊन फिरणारा परका म्हणजे नसबंदीवाला, यावर गावात एकमत होतं.

"शेषराव तुमचाच मुलगा ना?"

"होता."

"होता म्हणजे?"

"भांडून गेला. चार वर्सं झाली. ना चिठ्ठी ना पत्ता. तुमी कायले पुसून राह्यले?"

त्यानं तेवढं लिहून घेतलं. बाईंनी त्याला पाणीही विचारलं नाही.

दुपारी गुरुजी परतले. त्यांनी पत्र वाचलं, आणि ते शब्दाला शब्द जुळलं. बाई पत्रांचा सगळा गठ्ठा ओच्यात घेऊन थांब्याकडे पळाल्या, मागून गुरुजी. माणसाचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता.

"ओ साहेब! मी लबाड बोलली. त्याची चिठ्ठी दर महिन्याले येते!"

"बाई, सकाळचं खरं मानू की आत्ताचं?"

"सकाळी तुमी नसबंदीवाले होते."

गाडी हसली. तो हसला नाही. "पत्रं दाखवा."

"आधी तुमचा कागद दाखवा."

ओळखपत्र गुरुजींनी वाचलं, मग कंडक्टरनं. तेव्हा कुठे गठ्ठा सुटला. साहेब पायरीवरच बसून एकेक पत्र चाळू लागले. ताप, खोलीतले ढेकूण, तिथल्या वरणातला गूळ. ढेकणांना चार पत्रं दिलेली होती.

"कामावर काय करतो, ते कुठेच नाही. तुम्ही विचारलं नाही?"

"इचारलं ना. म्हणे, माय, तुह्या पत्राले दोन वाचणारे. मायं काम गावभर होईन."

साहेबांनी सकाळची ओळ खोडली. बाई वहीत डोकावत होत्या, म्हणून नवी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिली : "चार वर्षांत सख्ख्या आईलाही कामाविषयी अवाक्षर सांगितलेले नाही. हरकत नाही."

"मंग आता तुमी तरी सांगा," बाई म्हणाल्या, "पोरगं तिथं करते काय?"

"मलाही सांगितलेलं नाही. नाव आणि गाव दिलं, तेवढंच."

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. हे मात्र त्यांना पटलं.

"मंग बसा आत," त्या म्हणाल्या. "लोकं खोळंबून राह्यले."