दोन पोरं, चार खांदे

तरुणपणी गारखेड्यात नर्सबाई घरी येऊन सांगून गेली, "दोन बास. देशात माणसं लई झाली." बायकोनं लगेच ऑपरेशन करून घेतलं. आम्ही शहाणे! शेजाऱ्याला सहा पोरं; त्याच्या घराला मी जत्रा म्हणायचो.

आमची दोन्ही पोरं जर्मनीला गेली. तिथं म्हणं माणसंच पुरत नाहीत, मूल झालं की सरकार पैसे देतं. बरंय. इथं कमी करा, उरलेली तिकडं पाठवा.

मागल्या महिन्यात बायको वारली. तिरडीला चार खांदे लागतात, घरात माझा एकच. थोरला फोनवर म्हणाला, "बाबा, व्हिडिओ चालू ठेवा." व्हिडिओतूनच खांदा देणार होता बहुतेक.

तेवढ्यात शेजारी पोरांना घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, जत्रा आलीय. वहिनीला उचलू का?"

माझ्या तोंडून नुसतं "व्हय" निघालं.