काकांचे चाळीस हजार

शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करणाऱ्या बाईला सगळे बटणताई म्हणत. नवरा गेल्यावर तिने एकटीने लेकीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि मग कुठे पगारातले पाचशे रुपये महिन्याला उरायला लागले. बँकेच्या एका फुकटच्या शिबिरात म्युच्युअल फंडाचं ऐकून तिने ते पाचशे तिकडे लावले. सुरुवातीला ती रोज फोन उघडून बघे, पैसे पळाले तर नाहीत ना! वर्षभरात आकडा वाढला, तशी तिची जीभही सैल सुटली. जेवणाच्या सुट्टीत ती शेअरबाजाराबद्दल अशी बोले, की जणू तो तिच्याच मशीनवर शिवला जातो.

इस्त्रीवाले काका हे सगळं ऐकत. एक दिवस त्यांनी आपला फोन आणि पासबुक तिच्यापुढे ठेवलं. "चाळीस हजार आहेत, पोरी. तुझ्यासारखेच माझेही लाव. मला त्यातलं काही कळत नाही."

लवकर लागणारे पैसे बाजारात घालू नका, असं शिबिरात बजावलं होतं. पण कोणीतरी आपल्याला विश्वासाने विचारतंय, या आनंदात तिने काकांना काही विचारलंच नाही. सगळे एकरकमी लावून टाकले.

चार महिन्यांत बाजार गडगडला. त्याच आठवड्यात काकांच्या हातून एका शर्टाची कॉलर जळली.

"मोतीबिंदू पिकलाय म्हणे," ते म्हणाले. "आता पैसे काढ."

बटणताईने त्यांच्या फोनवर आकडा बघितला. काकांचे चौतीस हजार उरले होते. "थोडं थांबता येईल का, काका?"

"मी थांबेन. मालक थांबेल का?"

तिने घरी येऊन फंडातले स्वतःचे पैसे काढले. त्यातही खोट आलीच. चौतीस हजार काकांच्या खात्यात जमा झाल्यावर वरचे सहा हजार तिने रोख त्यांच्या हातावर ठेवले. "बाजार सावरला, काका. हे बाकीचे." बोलताना तिला त्यांच्या धूसर डोळ्यांकडे बघवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काका कामावर आले ते तिचे गोडवे गातच. "आठ दिवसांत खड्ड्यातून वर काढले पोरीने!" सुट्टी झाल्याबरोबर शिलाईवरच्या तिघीजणी तिच्यापुढे उभ्या. एकीने तर मुलीच्या बाळंतपणाचे पैसे रुमालात बांधून आणले होते.

बटणताईने रुमाल मागे सारला. "नको गं बायांनो. बाजार सावरलाच नाही. ते सहा हजार माझे होते."

मशीनी बंद होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मी तुझ्या पैशांवर डोळा करून घेतला? आणि वर बढाया मारत फिरलो?"

"चूक माझी होती, काका. पैसे कधी लागणार, एवढं तरी विचारायला हवं होतं."

"हो, होतीच तुझी. मग तसं सांगायचंस ना! पैसे गेले म्हणून मी मेलो नसतो. मला काय कुक्कुलं बाळ समजलीस?"

रुमालवाली गाठ न सोडताच परत गेली.

पुढच्या पगाराला काकांनी तिच्या मशीनवर हजार रुपये ठेवले. तिने परत करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "सहा महिने." बस्स, एवढंच. तिला रडू फुटलं, पण काका तोवर इस्त्रीकडे वळले होते.