राइलीच्या पिशवीत मावणारा लॅपटॉप

राइली कोमुलाइनेन माझ्या टेबलापाशी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात लोकरीची रिकामी पिशवी होती. लॅपटॉप कुठला घ्यायचा याचा पत्ता नव्हता, पण त्याचं आंगडं विणून बाई मोकळ्या झाल्या होत्या. निळी, दुहेरी विणीची, आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलेली. टेबलावरचा एकेक लॅपटॉप ती पिशवीत घालून बघत होती. नाही बसला की बाहेर काढून, बाहीने पुसून, जागच्या जागी ठेवत होती.

आमच्या जुन्या बाजारात विकणारा समोर उभा राहत नाही. जुन्या डेअरीच्या शेडमध्ये टेबलं भाड्याने मिळतात, आपला माल मांडायचा, किमतीची चिठ्ठी लावायची आणि घरी जायचं. घेणारा वस्तू उचलतो, गल्ल्यावर पैसे देतो, कुणी कुणाशी बोलत नाही. मला ही पद्धत फार आवडते. तीस वर्षं मी टेलिफोनच्या तारा जोडल्या, म्हणजे लोकांना बोलण्याची सोय करून दिली, त्यामुळे स्वतः बोलण्याची हौस कधीच फिटली. आता निवृत्तीनंतर टाकून दिलेले लहान लॅपटॉप दुरुस्त करून विकतो. फक्त एक खोड आहे, घरी जायच्या ऐवजी मी समोरच्या बुटांच्या मांडणीमागे उभा राहून गिऱ्हाइकं बघतो.

दुसरी खोड म्हणजे माझ्या चिठ्ठ्या. इतर लोक 'छान स्थितीत' लिहितात. मी जे असेल ते लिहितो. बॅटरी दोन तास दहा मिनिटं. बिजागरी कुरकुरते. पडद्यावर डावीकडे ओरखडा. आधीचा मालक यावर काळा पाव खायचा, बरेच तुकडे काढले, सगळे निघाले नसतील. गावात या चिठ्ठ्यांची टिंगल होते, आणि माल हळूहळू खपतो.

राइलीने त्या सगळ्या चिठ्ठ्या चष्मा लावून, ओठ हलवत वाचल्या. मग मान वर न करता म्हणाली, "इल्मो, त्या बुटांमागे काय करतोयस? तुला होतील असे तिथे नाहीत."

आम्ही प्राथमिक शाळेत एका वर्गात होतो, म्हणून ती मला असं बोलू शकते. ती वर्गात पहिली यायची, मी कुठे यायचो ते सोडा. सोळाव्या वर्षी तिला वरच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, पण त्याच हिवाळ्यात तिची आई अंथरुणाला खिळली आणि राइली त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागली. तिथे तिने एकूण शेहेचाळीस वर्षं काढली. दरवर्षी मेच्या शेवटी पोरं शेवटची परीक्षा पास होऊन पुढे काळी झापड असलेल्या पांढऱ्या टोप्या घालायची, आणि राइली त्यांना कॉफी आणि केक वाढायची. कोण तिच्या हातचं जेवून डॉक्टर झाला, कोण तुरुंगात गेला, सगळं तिला पाठ. स्वतः मात्र ती सगळ्यात शेवटी, उभ्याउभ्या जेवायची, आणि कढईत उरलं असेल तेवढंच.

निवृत्त झाल्यावर तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. एकोणसत्तराव्या वर्षी तिचे पाचपैकी चार पेपर झाले होते, फक्त मातृभाषेचा उरला होता. हल्ली ही परीक्षा प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर द्यायची असते, आणि तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. आधीचे पेपर तिने शाळेच्या कपाटातल्या जादा लॅपटॉपवर दिले होते. मग आता काय झालं, असं मी विचारलं.

तिने पिशवीची घडी घातली, उलगडली आणि सांगितलं. सप्टेंबरच्या पेपरात पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा लॅपटॉप मध्येच बंद पडला. जादाचे दोन होते. एक आधीच कुणाला दिलेला, दुसरा राइलीच्या पुढ्यात. दुसऱ्या शाळेतून आणेपर्यंत ती मुलगी वीस मिनिटं रडत बसली. "मी तिच्या ताटातलं खाल्लं, इल्मो," राइली म्हणाली. "आता स्वतःचा असेल तरच बसेन. नाहीतर नाही."

मी म्हटलं शाळेने ते कपाट कशासाठी ठेवलंय मग. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती.

त्यानंतर चार शनिवार आमची निवड चालली. राइलीची मुख्य अट पिशवीची. लॅपटॉप लहानच हवा, कारण ती बर्फावर पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून तीन किलोमीटर येणार, आणि मार्चच्या थंडीत तो पोटाशी, स्वेटरच्या आत ठेवायचा तिचा बेत होता. मोठा घेतला तर वाकता येणार नाही, म्हणाली. मी एक चांगला, दणकट, पंधरा इंची दाखवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, यावर लाद्या बसवता येतील.

मध्येच तिने कायानी शहरातल्या मोठ्या दुकानात नवाकोरा बघितला. गुलाबी, पिसासारखा हलका, किंमत एकशे नव्व्याण्णव युरो, वर दोन वर्षांची हमी. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं त्याच्यात साठवायला जागा एवढीशी, पहिल्या वर्षातच तो आपलीच कामं करता करता धापा टाकायला लागेल. उघडून आतलं काही बदलता येत नाही, सगळं चिकटवलेलं. बटणं बिस्किटाएवढी पातळ, त्यांच्यावर सहा तास निबंध लिही आणि बोटांचं काय होतं बघ. माझा जुना घे. तो कचेरीत वापरायला बनवलेला, तेव्हा नव्या गुलाबीच्या पाचपट किमतीचा होता, बॅटरी नवी घातलीय, शंभरच्या आत मिळतोय.

राइलीने शांतपणे ऐकून घेतलं. "तुला नवं काहीच चालत नाही," ती म्हणाली. "लग्न राहिलं ते उगाच नाही."

तरीही तिने माझाच घेतला. बारा इंची, काळा, कोपरे झिजलेला. घ्यायच्या आधी टेबलापाशी खुर्ची ओढून तिने त्याच्यावर अडीचशे माणसांच्या वाटाण्याच्या सूपचं सगळं प्रमाण टाइप करून बघितलं, मीठ धरून. बटणं बरी आहेत, असं प्रमाणपत्र मिळालं. मग पिशवीत घातला, तो असा बसला की जणू त्याच्याच मापावर विणली होती. पंच्याण्णव युरो. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'वरच्या ओळीतलं शेवटचं बटण चालत नाही.'

तिने त्याच बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, याचं काय काम?

खरं तर काम होतं. परीक्षेला शाळा एक पेनड्राइव्ह देते, आणि लॅपटॉप स्वतःच्या पोटातलं काही न उघडता त्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा लागतो. सुरू करताना ते बटण दाबलं की तो विचारतो, कुठून सुरू होऊ? पण मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आतच असं लावून देतो की तो न विचारता आधी पेनड्राइव्ह शोधेल. दिलंही लावून. शाळेच्या सरावाच्या पेनड्राइव्हवर दोनदा चालवून बघितलं, चोख चालला. फक्त ही आठवण ज्याच्या जोरावर टिकते तो आतला बटणाएवढा सेल जुना होता. दोन युरोचा सेल. बदलायला हवा होता. चालतोय तोवर चालतोय म्हणून मी बदलला नाही, आणि चिठ्ठीवरही लिहिलं नाही.

परीक्षा गुरुवारी होती. सकाळी उणे चोवीस. सव्वाआठला मी कॉफी ओतत होतो तेवढ्यात शाळेतून मिर्वाचा फोन आला. मिर्वा म्हणजे परीक्षेच्या वेळी लॅपटॉपचं सगळं बघणारी शिक्षिका. राइलीचा लॅपटॉप पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणाली. कुठलं बटण दाबायचं ते तिला माहीत होतं, पण नेमकं तेच मेलं होतं. आणि राइलीने बजावलं होतं की इल्मोला फोन करू नका, तो आत्ता कॉफी पीत असेल.

सेल थंडीत मेला होता आणि लॅपटॉप सगळं विसरला होता, हे मला ऐकताक्षणी कळलं. आता शांतपणे विचार केला तर बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडला असता तरी दोन मिनिटांत काम झालं असतं. त्या सकाळी ना मिर्वाला सुचलं, ना मला. मी विचारलं, तिला जादाचा दिला नाहीस का?

"देतेय की. घेत नाही. सप्टेंबरात बसेन म्हणते. आता ती स्वयंपाकघरात गेलीय."

सप्टेंबरात. त्रेपन्न वर्षं ही बाई पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत आली होती आणि या वेळी अडलं होतं ते माझ्या आळसापायी. मी इतका चिडलो की कॉफीचा कप सिंकमध्ये आदळून फोडला. मग घरात टेबलावर, ओट्यावर, खिडकीत जे काही चालू स्थितीतले लॅपटॉप होते ते बटाट्याच्या लाकडी पेटीत भरले. पाच निघाले. घरातल्या सपाता घालूनच गाडीत बसलो.

राइली खरंच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एप्रन बांधून गाजरं किसत होती. तिच्या जागी आलेल्या दोघी बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या, तिला नको म्हणायची त्यांची छाती नव्हती. मी पेटी गाजरांच्या शेजारी ठेवली.

"एप्रन काढ," मी म्हणालो. "आतला जुना सेल थंडीत मेलाय."

"जादाचे दोनच आहेत, इल्मो. कुणा पोराचा बंद पडला तर?"

"आता सात आहेत. तू कपाटातला घे. मी बाहेर कपड्यांच्या खुंट्यांखाली बसतो, पेपर संपेपर्यंत. कुणाचा बंद पडला तर यातला मिळेल. कुणाचं ताट कमी पडणार नाही."

तिने हात पुसले आणि पेटीतला वरचा लॅपटॉप उचलून चिठ्ठी वाचायला लागली. घड्याळात नऊला वीस कमी होते आणि ही चिठ्ठी वाचत होती. मग म्हणाली, "माझ्या चिठ्ठीवर तू सेलचं लिहिलं नव्हतंस."

"नव्हतं. चुकलो."

मी हे आयुष्यात फार कमी वेळा तोंडाने म्हटलंय. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, सपातांकडेही बघितलं. एप्रनची गाठ सोडून तो खुंटीला अडकवला आणि गेली.

मी खुंट्यांखालच्या बाकावर बसलो. ओल्या लोकरीचा वास आणि समोर पोरांच्या बुटांची लांबच लांब रांग. वाटाण्याचं सूप आलं, मग जॅम घातलेलं धिरडं आलं, मग पुन्हा सूप आलं. साडेअकराला मिर्वा धावत आली आणि म्हणाली एक मुलगा अडकलाय, कपाटातला उरलेला दुसराही मघाशीच गेला. मी कुरकुरणाऱ्या बिजागरीचा दिला. बाकीचे चार तसेच राहिले. मी दरवाजाकडे बघत बसलो. मला राइली आवडते. मालाबद्दल एवढं सगळं लिहितो तर हेही लिहून टाकतो. चौथीपासून आवडते, आणि या गोष्टीचा तिला मुळीच उपयोग झालेला नाही.

पोरं एकेक करून बाहेर पडली. तीन वाजता, वेळ पुरती संपल्यावर, सगळ्यात शेवटी राइली आली. उजवा हात डाव्या हाताने चोळत होती.

"चालला का?" मी विचारलं.

"मी चालवला," ती म्हणाली. मग बाकावर माझ्या शेजारी बसली आणि पेटीत वाकून मोजलं. "चारच आहेत."

"एक कामी आला. पोरगं रडलं नाही."

तिने मान हलवली. घसरगाडी मी गाडीच्या मागे टाकली आणि तिला घरी सोडलं. मेलेल्या सेलच्या जागी नवा घालून लॅपटॉप दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. पैसे परत देऊ केले ते तिने घेतले नाहीत, उलट मलाच फोडलेल्या कपाच्या बदली एक कप दिला. कप फुटल्याचं मिर्वाने फोनवर ऐकलं होतं आणि तिने ते गावभर केलं होतं.

निकाल मेमध्ये लागला. पास झाली. मातृभाषेत किती मिळाले ते ती कुणाला सांगत नाही, विचारलं की पुरेसे म्हणते. शनिवारी शाळेच्या सभागृहात समारंभ होता. तिची भाची ताम्पेरेहून येणार होती, पण तिची गाडी उशिरा धावत होती, म्हणून आत जाताना राइलीने तिचा जड राखाडी कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली धर, खाली टेकवू नकोस.

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत ती शेवटून दुसरी उभी होती, सगळ्यांपेक्षा बुटकी, हातात टोपी उलटी धरून. स्वयंपाकघराच्या दारात त्या दोघी बायका हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे मिर्वा. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आता टोप्या घालायला हरकत नाही. सगळे हात एकदम वर गेले. राइलीने टोपी घातली, जरा वाकडी बसली म्हणून दोन्ही हातांनी सरळ केली, आणि मान वर करून आमच्याकडे बघितलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाजवता आल्या नाहीत. माझ्या दोन्ही हातांत तिचा कोट होता, आणि तो मला सोडायचा नव्हता.