चार आकडी भाऊ, पाच आकडी भाऊ

शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण एसटीडी कोड शून्य-दोन-चार-शून्य होता तो तसाच राहिला. आमच्या घरातलं भांडणही राहिलं.

भांडण माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे नानांचं. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर ताटकळणं संपलं आणि गावोगावी कोड आले. शहराला लागून असलेल्या पडेगावच्या नानांच्या वाट्याला शहराचाच चार आकडी कोड आला, सिल्लोडच्या अप्पांच्या वाट्याला पाच आकडी: शून्य-दोन-चार-तीन-शून्य. एका लग्नाच्या पंगतीत नाना म्हणाले, "गाव जेवढं मागं, तेवढा कोड लांब." अप्पा भरल्या ताटावरून उठले. (जिलबी अजून वाढायची होती, यावरून राग किती खरा होता ते समजावं.) तेव्हापासून अबोला.

यंदा नानांची बायपास झाली आणि माणूस मऊ पडला. मी बजाजनगरला राहतो, तिथं मला त्यांचा फोन आला.

"तुझ्या बापाशी बोलावं म्हन्तो. मोबाईल तर त्यो वापरत नाय. घरातला नंबर सांग."

मला भरून आलं. घराण्याचा उद्धार आपल्याच हातून होतोय अशा थाटात मी सांगितलं, "लिहा नाना. शून्य, दोन, चार, तीन, शून्य..." आणि पुढचे आकडे.

अप्पांनाही फोन करून कळवलं. त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोनजवळ खुर्ची टाकून बसले. आईनं जेवायला हाक मारली तर म्हणाले, "इथंच आण."

फोन आलाच नाही. संध्याकाळी मलाच नानांचा आला.

"बाई म्हन्ती, हा नंबर अस्तित्वात नाय. खोटा नंबर दिला व्हय रं तुझ्या बापानं?"

मी पडेगाव गाठलं. "माझ्यासमोर लावा," म्हटलं. नानांनी बटणं दाबली: शून्य, दोन, चार, शून्य, शून्य, शून्य.

"नाना, तीन कुठंय?"

"हे काय, तीन शून्य. तूच बोल्लास."

चूक माझीच. जन्मभर मराठी बोलतोय, पण मला अजून स्वल्पविराम बोलता येत नाही.

मग मी स्वतः नंबर लावून दिला. एंगेज. पुन्हा एंगेज! (अप्पांनी वैतागून रिसीव्हर काढून ठेवला होता, हे नंतर कळलं.)

"बघ," नाना म्हणाले, "समद्या दुनियेशी बोलतो, माझ्याशीच नाय."

दुसऱ्या दिवशी मी सिल्लोडला गेलो. अप्पांसमोर माझ्या मोबाईलवरून नानांना लावलं, स्पीकर चालू केला आणि झाला तो घोळ सांगितला. मग नाना म्हणाले, "तुझं पोरगं लहानपणापासून येडंच हाय."

"आईवर गेलंय," अप्पा म्हणाले.

एवढंच. मग दोघंही मला एकदमच म्हणाले, "ठेव."

त्यानंतर बोलणं नाही. मला वाईट वाटतं, आणि राग त्याहून जास्त येतो. दोन म्हातारे, मध्ये दीड तासाची वाट, आणि पंगतीतला एक टोमणा यांना गिळवत नाही!

मात्र मी सिल्लोडला गेलो की अप्पा हळूच विचारतात, "नाना अजून तुला येडाच म्हन्तो ना?" पडेगावला गेलो की नाना अप्पांबद्दल हेच विचारतात. मी "व्हय" म्हणतो. भाऊ ठणठणीत असल्याची त्यांना तेवढी एक खूण पुरते. म्हणून मीही अजून शहाणा झालेलो नाही.