खडूची खूण

घरात तिला सगळे 'धसका' म्हणत. हे नाव नणंदेनं ठेवलं होतं. लग्नाला आठ दिवस झाले असतील. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि नव्या नवरीच्या हातून कपबश्यांचा अख्खा ट्रे खाली गेला. "हिनं तर आम्हालाच धसका दिला बाई," नणंद म्हणाली. पुढे नणंद दूरगावी राहायला गेली, नाव मात्र मागे ठेवून गेली.

तिला शिडीची भीती वाटे, गॅसच्या नळीची वाटे, दारावर अवेळी पडलेल्या थापेची वाटे. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होता. त्याला यायला दहा मिनिटं उशीर झाला, की ती फाटकात उभी. छत्तीस वर्षांत तो रोज धडधाकट घरी आला. पण त्यामुळे तिची भीती कमी झाली असं काही नाही.

एका कामात मात्र ती निर्धास्त असे. शाळेचे गणवेश शिवायचं काम तिनं तीस वर्षं केलं. कापडावर खडूची रेघ, रेघेवर कात्री, मग टाका, आणि शिवण पक्की झाली की खडू झटकून टाकायचा. "खडू दिसतोय म्हणजे काम बाकी आहे," हे ती शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगे. सदऱ्यावर खडूचा एक ठिपका राहिला, तरी तो सदरा तिच्या हातून सुटत नसे.

फिटर निवृत्त झाला आणि दोन महिन्यांनी त्यानं पिकअप घरी आणली. आणली म्हणजे दोर बांधून ओढत आणली. एका रोपवाटिकेच्या मागे ती अकरा वर्षं उभी होती. हौद्यात माती साचून गवत माजलं होतं, दाराची काच अर्ध्यावर अडकली होती, आणि सीटसमोर पाय ठेवावा तर खाली थेट रस्ता दिसत होता.

"ही चालणार?" तिनं विचारलं.

"नाही चालली तर तुला बरंच आहे की. एक काळजी कमी."

गाडी अंगणात भिंतीकडेनं उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. गाडी जॅकवर चढली आणि फिटर पाठीवर सरपटत खाली गेला की बाहेर फक्त त्याची पावलं दिसत. ती दर दोन मिनिटांनी खिडकीतून विचारी, "अहो, आहात ना?"

"नाही, गेलो," खालून आवाज येई.

असं महिनाभर चाललं. शेवटी तो वैतागून खालून बाहेर आला, तोंडाला काळं फासल्यासारखं ग्रीस. "घाबरायचंच आहे ना तुला? मग इथे बसून घाबर. निदान बॅटरी तरी धर."

ती स्टूल घेऊन बसली. पहिले काही दिवस बॅटरी इतकी थरथरे की त्याला काही दिसेना. मग हात स्थिरावला. हळूहळू त्याच्या मनगटातला जोर कमी पडू लागला, तशी ती एकेक गोष्ट हातात घेऊ लागली. गंज खरवडला, पॉलिश पेपर घासला, बारीक नट बसवले. तिच्या बोटांना ते जमत होतं. काजं-बटणं करणाऱ्या बोटांना नट म्हणजे काय मोठंसं. भीती मात्र स्टुलाशेजारी तिच्याबरोबर बसलेली असे. जॅकखाली लाकडी ठोकळे लावलेत ना, हे ती स्वतः पायानं ढकलून बघितल्याशिवाय त्याला खाली जाऊ देत नसे.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकना लागला. चारही चाकांचे ब्रेक त्यानं तीनदा उघडले आणि तीनदा बसवले. त्यांची मुलगी हसली तेव्हा म्हणाला, "धसक्याला बसायचंय ना या गाडीत. ब्रेक लागला नाही तर मला घरात जागा नाही."

त्याची पद्धत पंपघरातली होती. नट शेवटचा, पूर्ण आवळून झाला, की त्या नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक पिवळी रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ असली की त्या नटाला पुन्हा हात लावायचा नाही. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. पंपघरात ते कोणालाच सांगावं लागत नसे. तिनंही विचारलं नाही. गाडीला जागोजागी रंग लागलेलाच होता, त्यात आणखी चार पिवळ्या रेघा.

चौदा महिन्यांनी गाडी रस्त्यावर न्यायचा दिवस ठरला. रविवार होता. फिटरच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. म्हणून चालवायला मुलगी आली. ती नर्स होती, हाताची पक्की, डोक्यानं थंड. आईवर गेली नव्हती.

सकाळी तीन चाकं चढली. पिवळ्या रंगाचा डबा वाळून दगड झालेला निघाला, तेव्हा फिटरनं बायकोच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा चपटा खडू उचलला आणि आवळलेल्या नटांवर रेघा ओढल्या. राहिलं ते पुढचं डावं चाक. तेवढ्यात मुलीनं घड्याळ बघितलं.

"बाबा, दहा वाजले. डोळ्यात थेंब घालायचे. आणि नंतर दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं, गप्पा नाहीत."

"अगं, एकच चाक राहिलंय."

"चाक कुठे पळत नाही."

जाता जाता तो बायकोला म्हणाला, "तेवढे पाच नट हातानं चढवून ठेव गं. आवळतो मी येऊन."

तिनं बोटाच्या टोकावरचं, सुईपासून वाचवणारं पितळी अंगुस्तान काढलं. सकाळपासून सीटचं कव्हर शिवत होती, ते बोटातच राहिलं होतं. ते घरंगळू नये म्हणून तिनं चाकाच्या मोठ्या पान्याच्या तोंडात ठेवलं, आणि पाना घडी केलेल्या फडक्यावर, भिंतीकडे मूठ करून. पाचही नट तिनं बोटांनी चढवले. मग तिला शेजारच्या चाकावर त्यानं ठेवलेला आपला खडू दिसला. हे बरं सुचलं ह्यांना, तिच्या मनात आलं, राहिलेलं विसरायला नको. खडू हातात घेतला आणि पाचही नटांवर तिनं सुबक, सारख्या मापाच्या रेघा मारल्या. काम बाकी आहे, अशी खूण केली. खडू झग्याच्या खिशात टाकला आणि कव्हरचे कच्चे टाके उसवायला ती आत गेली.

थोड्या वेळानं अंगणातून त्याचा आवाज आला. "झालं का गं?"

"झालं माझं," तिनं दोरा दातांनी तोडत सांगितलं.

जॅक उतरल्याची करकर झाली. मग इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. सगळी खिडकी हादरली. मुलगी ओरडून विचारत होती, "आई, येतेस?"

"मी नाही बाई. तुम्ही आधी जिवंत परत या."

दोघंही हसली. गाडी फाटकातून बाहेर पडली.

ती आवरायला अंगणात आली. बादली उचलली, चिंध्या गोळा केल्या. पाना उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

पान्याच्या तोंडात तिचं अंगुस्तान होतं. तिनं ठेवलं होतं तसंच, टोक वर. मूठ भिंतीकडे. फडक्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

पाना कोणी उचललाच नव्हता. मग त्यानं नट आवळले कशानं?

तिला बाकीची तीन चाकं आठवली. आवळलेल्या नटांवर खडूच्या रेघा. त्यानं रेघा झालेल्यावर मारल्या होत्या आणि तिनं राहिलेल्यावर.

ती फाटकाकडे धावली. गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती. तिनं दोन्ही हात वर करून हाका मारल्या, घसा फुटेपर्यंत. मुलीनं आरशात पाहिलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. धसका निरोप देतोय, एवढंच त्यांना वाटलं असणार. इतकी वर्षं ती असेच हातवारे करत आली होती. आता वेगळे कसे दिसावेत?

तिनं फोन लावला. मुलीचा ओट्यावर चार्जिंगला वाजला. नवऱ्याचा नुसताच वाजत राहिला. त्या इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार होतं.

रस्ता त्यांच्या टेकाडावरून पाण्याच्या टाकीला मोठा वळसा घालून खाली जात होता. तेवढा भाग मंद उताराचा, खड्ड्यांचा. पण पुढे, टेकाडाच्या पायऱ्यांच्या तळाशी, खडा उतार लागत होता आणि तो उतार थेट चौकात उतरत होता, जिथे रविवारी बाजार भरतो. पायऱ्या घराच्या मागूनच होत्या. शहाण्णव पायऱ्या, कठडा नाही, कडा झिजलेल्या. त्या पायऱ्यांवरून ती शेवटची उतरली तेव्हा मुलगी अजून शाळेत जात होती.

ती वरच्या पायरीवर आली. खाली पाहिलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बसून उतरावं असं तिला वाटलं. पण बसून उतरायला वेळ किती लागेल, याचा हिशेब मनात झाला आणि तिनं पाय टाकला. एक हात भिंतीला घासत, दुसऱ्या हातात पाना. तो आपण हातात घेऊन निघालोय हे तिला अर्ध्यावर आल्यावर कळलं, अंगुस्तान निसटून टणटणत तिच्या पुढे खाली गेलं तेव्हा. एक चप्पल गेली. दुसरी तिनंच भिरकावली. कानात रक्ताचा आवाज घुमत होता आणि त्यातून, उजवीकडून, कुठूनतरी इंजिनाची घरघर. जवळ येत होती. त्यात आणखी एक आवाज होता, खटक, खटक, लंगड्या माणसाच्या काठीसारखा.

ती तळाशी पोचली तेव्हा पिकअपचं क्रीम रंगाचं तोंड वळणावर दिसलं.

कडेला उभं राहून हात दाखवून उपयोग नव्हता, ते तिनं एकदा पाहिलं होतं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले, पाना उगारल्यासारखा. ज्या गाडीच्या भीतीनं चौदा महिने झोप उडाली होती ती समोरून येत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट येत होती. ब्रेक तीनदा उघडलेत. तीनदा बसवलेत.

टायर किंचाळले. तिनं डोळे घट्ट मिटले. गरम इंजिनाची झळ गुडघ्यांना लागली आणि सगळं शांत झालं.

"आई, वेड लागलंय का तुला?" मुलगी दार उघडून ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता.

फिटर दुसऱ्या बाजूनं उतरला. "अगं, मरायचंय का?"

तिनं पाना पुढे केला. मग हातानं डाव्या चाकाकडे दाखवलं.

तो वाकला. पाचपैकी दोन नट नव्हतेच. तिसऱ्याला त्यानं अंगठा लावला आणि नट अंगठ्यानं फिरला. तो तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला.

"मला वाटलं, हादरा रस्त्याचा आहे," मुलगी हळूच म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून, "पण खूण होती. पाचही नटांवर."

"बाकी आहेत म्हणून केली होती."

"बाकी? खूण म्हणजे झालं."

"खडू म्हणजे बाकी. झाल्यावर पुसायचा असतो."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं."

"आणि मी छत्तीस वर्षं उलटं," तो म्हणाला. "मला तर वाटलं, तूच आवळलेस. मी मनात म्हटलंसुद्धा, मनगटात जोर आला बाईच्या." तो हसायला गेला, पण ते हसू ओठांच्या कडेलाच विरलं. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. तळवे सोलवटले होते. "पायऱ्यांवरून आलीस?"

तिनं मान हलवली. मुलीनं तिला धरून बसवलं, पाय पुसले, रुमाल बांधला.

एक नट वळणावर मातीत सापडला. दुसरा सापडला नाही, तेव्हा फिटरनं मागच्या चाकाचा एक काढून इथे लावला. घरी पोचेपर्यंत तिथे चार चालतात, तो म्हणाला. मग पाना त्यानं तिच्याकडे दिला. "तू आवळ. मी बघतो."

तिनं अंगाचा सगळा भार टाकून एकेक नट आवळला. तो प्रत्येकाला हात लावून बघत होता. पाचवा झाल्यावर म्हणाला, "खूण कर."

"कुठली?"

तो थांबला. "राहू दे," म्हणाला. "घरी पोचल्यावर ठरवू."

मुलीनं गाडी वळवली. "आई, बस आता. हळू नेते."

"तुम्ही व्हा पुढे."

"अगं, पायाला लागलंय तुझ्या."

"चालवेल मला."

तिला कोणी समजावू शकलं नाही. गाडी टेकाड चढू लागली, माणूस चालतो तितक्याच वेगानं, आणि तिच्या डाव्या अंगाला, पायाला रुमाल बांधलेली ती चालत राहिली. हातात पाना होता. नजर एका चाकावर होती. फिटर खिडकीतून मान बाहेर काढून दर दोन मिनिटांनी विचारत होता, "आहेत ना गं?"

"आहेत," ती म्हणत होती. "पाचही आहेत."